खाण नसलेल्या तालुक्याचा नकाशा

प्रति,
मा. अपर महानिदेशक,
भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, मध्य क्षेत्र,
सेमिनरी हिल्स, नागपूर



जालना जिल्ह्याच्या जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णीहून हे पत्र आपल्याला लिहीत आहे, आणि मागणी आधीच सांगून टाकलेली बरी. आपल्या संस्थेच्या राष्ट्रीय भू-रासायनिक नकाशांकन कार्यक्रमात देशभरच्या ओढ्या-नाल्यांच्या तळातला गाळ गोळा होतो, प्रयोगशाळेत तपासला जातो आणि त्यातील मूलद्रव्यांच्या प्रमाणावरून खनिजांचा माग काढला जातो. या कार्यक्रमात पूर्णा, केळना, धामणा आणि जीवरेखा या आमच्या नद्यांच्या पाणलोटातून जे आकडे हाती येतात, ते मराठीत, पाणलोटनिहाय आणि अर्थ समजावणाऱ्या टिपणासह इथल्या ग्रामपंचायतींना, कृषी विभागाला आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेला मिळावेत. या तालुक्यात धातूची खाण निघण्याची शक्यता जवळपास नाही, याची पूर्ण जाणीव ठेवून ही मागणी करत आहे. खाण निघणार नाही म्हणून नकाशा कपाटात राहिला तरी चालेल, असे मानले जाऊ नये, एवढ्यासाठीच हे पत्र आहे.

पद्धत आपल्याला नव्याने सांगायची गरज नाही, पण खुले पत्र इतरही वाचतात. पाऊस पडतो, उतारावरचा खडक झिजतो, माती सुटते आणि छोट्या ओघळींतून ओढ्यात येते. ओढ्याच्या एखाद्या ठिकाणी साचलेला बारीक गाळ हा त्या ठिकाणाच्या वरच्या बाजूला असलेल्या सगळ्या खडकांचा आणि मातीचा मिसळलेला नमुना असतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते ती भांड्यातला भात सगळीकडे सारखा शिजलेला असतो म्हणून. इथे वेगवेगळ्या टेकड्यांची माती एकजीव करण्याचे काम पाणी करते. वरच्या उतारावर कुठे तांब्याचे किंवा जस्ताचे खनिज उघडे पडलेले असेल, तर त्याचे कण गाळात उतरतात. काही जड कण म्हणून तळाशी बसतात, काही पाण्यात विरघळून पुढे चिकणमातीच्या आणि लोह-मँगनीजच्या पुटांना चिकटतात. गाळातले प्रमाण आसपासच्या पातळीपेक्षा ठळकपणे वाढलेले दिसले की भूवैज्ञानिक ओढ्याने वर वर जात राहतात, प्रत्येक फाट्यावर नमुना घेतात, आणि ज्या फाट्यात आकडा चढतो त्या फाट्याने पुढे सरकतात. डोंगर न् डोंगर खणून पाहण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आणि शहाणपणाचे आहे.

या कामाला कडक शिस्त लागते. आपल्या कार्यक्रमात एका टोपोशीटचे, म्हणजे नकाशाच्या एका पानावर मावणारे सुमारे ७०० चौरस किलोमीटरचे क्षेत्र १ किलोमीटरच्या चौकटींत विभागले जाते. लहान ओढ्यांतून नमुने घेतले जातात आणि चार चौकटींचे नमुने एकत्र करून २ किलोमीटर बाय २ किलोमीटरचा एक नमुना तयार होतो. तो वाळवून १२० मेशच्या चाळणीतून काढला जातो आणि साठच्या वर मूलद्रव्ये व ऑक्साइड मोजली जातात. नमुना वाहत्या पात्रातला हवा, काठ ढासळून पडलेली माती नको. रस्ता, पूल, वस्ती, कारखाना यांच्यापासून दूर हवा. एका जागेचा मूठभर नको, पात्राच्या लांबीवर अनेक ठिकाणचा थोडा थोडा हवा. एका टोपोशीटचे असे पावणेदोनशेच्या आसपास नमुने होतात. खेड्यांच्या पातळीवर एवढ्या काटेकोरपणे, सर्वत्र एकाच पद्धतीने गोळा केलेली दुसरी रासायनिक माहिती आपल्या देशात क्वचितच सापडेल. या कामाबद्दल मनापासून आदर आहे, म्हणूनच त्याच्या उपयोगाबद्दल बोलावेसे वाटते.

जिथे ही पद्धत चालते तिथे ती फार मोठे काम करते. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावर १९६४ मध्ये ओढ्यांच्या गाळाच्या तपासणीतून पांगुना येथील तांब्याच्या प्रचंड साठ्याचा पाठपुरावा सुरू झाला आणि १९७२ मध्ये तिथे खाण सुरू झाली. चीनने १९७० च्या दशकाच्या अखेरीस श्ये श्वेजिंग यांच्या पुढाकाराने देशव्यापी गाळ-सर्वेक्षण हाती घेतले, आणि त्यातून सोन्याचे अनेक साठे हाती लागले. आपल्याकडेही पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, जुने स्फटिकमय खडक उघडे आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासनाचे तांबे आहे, नागपूरकडे कोलारी-भावरीचे जस्त आहे. तिथल्या नाल्यांचा गाळ भूवैज्ञानिकाला काही सांगू शकतो. जाफ्राबादच्या नाल्यांकडून त्याच भाषेतल्या उत्तराची अपेक्षा करणे मात्र चुकीचे ठरेल.

याचे कारण पायाखालचा खडक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर लाव्हा पसरून दख्खनचा बेसाल्ट तयार झाला; महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग त्याने झाकला आहे आणि जाफ्राबाद तालुका त्यातच येतो. बेसाल्टमध्ये मुळातच तांबे, व्हॅनेडियम, क्रोमियम, कोबाल्ट आणि टायटॅनियम भरपूर असते. ग्रॅनाइटमध्ये तांबे दशलक्ष भागांत साधारण १०-२० भाग असेल, तर दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते सहज १०० पासून २०० च्या वर जाते. आता एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. चार चौरस किलोमीटरच्या पाणलोटात २ हेक्टर जागेवर तांब्याचे खनिज उघडे पडले आहे आणि तिथल्या मातीत दशलक्ष भागांत ५,००० भाग तांबे आहे असे समजा. भोवतालचा खडक ग्रॅनाइटी असून त्याची पातळी २० असेल, तर ओढ्याच्या तोंडाशी गाळात सुमारे ४५ भाग तांबे मिळेल. म्हणजे दुपटीहून जास्त, कुणाचेही लक्ष जाईल असे. तोच साठा बेसाल्टच्या मुलखात असेल आणि भोवतालची पातळी १५० असेल, तर गाळात मिळतील १७४. लाव्हाच्या एका थरापासून दुसऱ्या थरापर्यंत तांब्याचे प्रमाण याहून कितीतरी जास्त बदलते, तेव्हा हा २४ चा फरक त्या चढउतारात बुडून जाईल. म्हणून टेंभुर्णीच्या एखाद्या नाल्यात तांबे २०० भरले तर तो खडकाचा स्वभाव आहे, साठ्याची खूण नाही. २०० भाग म्हणजे ०.०२ टक्के, खाणीत काढण्याजोगे तांब्याचे खनिज सहसा अर्धा-एक टक्क्याच्या घरात असते, म्हणजे पंचवीस ते पन्नास पट.

यावर एक जाणता आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. बेसाल्टच्या प्रदेशांतही मोठे साठे निघाले आहेत. अमेरिकेत लेक सुपीरिअरच्या काठी कीविनॉ द्वीपकल्पात बेसाल्टच्या थरांतूनच शुद्ध तांबे शंभरहून अधिक वर्षे काढले गेले. रशियातल्या नोरिल्स्कचे निकेल, तांबे आणि प्लॅटिनम गटाचे धातू सायबेरियाच्या लाव्हा-प्रदेशाशी जोडलेले आहेत. मग दख्खनमध्ये काही नाही असे छातीठोकपणे कसे म्हणायचे? तसे म्हणायचे नाहीच. म्हणायचे एवढेच, की नोरिल्स्कचा धातू वर पसरलेल्या लाव्हात नाही. खालून येणाऱ्या शिलारसाने वाटेतल्या गाळाच्या खडकांतले गंधक उचलले आणि आत अडकून राहिलेल्या खडकांत धातू साचला. तसे काही दख्खनखाली असलेच तर ते शोधायला भूभौतिकी आणि खोल विंधन लागेल. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला जी विंधनविहीर घेतली गेली, तिला ३३८ मीटर बेसाल्ट भेदावा लागला, मग पातळसा गाळाचा थर लागला आणि त्याखाली जुना पाया. पश्चिमेकडे कोयनेच्या बाजूला ही जाडी किलोमीटरच्या पुढे जाते. ओढ्याला फक्त वरचा, पावसाने धुतलेला पृष्ठभाग दिसतो. शेकडो मीटर खालच्या पायातले काहीही जीवरेखेच्या गाळात उतरत नाही. पद्धतीची ही मर्यादा लोकांपुढे उघडपणे मांडली तर तिच्यावरचा विश्वास वाढेल, असे मला वाटते.

बेसाल्टच्या ओढ्यांतूनही निसर्ग खनिज गोळा करतो, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, काळबादेवी, नेवरे, मालगुंड या भागांत, इल्मेनाइटची काळी वाळू आहे. हे टायटॅनियमचे खनिज सह्याद्रीच्या बेसाल्टमधूनच सुटले, नद्यांनी खाली नेले आणि समुद्राच्या लाटांनी हजारो वर्षे हलके कण वाहून नेऊन जड कण मागे ठेवले. पावसाळा ओसरल्यावर आमच्या नाल्यांच्या वाळूतही काळ्या रेघा दिसतात आणि चुंबकाला त्यातले कण चिकटतात. खडक तोच, खनिजे त्याच जातीची. पण निवडणारा समुद्र इथे नाही. नाल्यात टायटॅनियमचा आकडा मोठा दिसला म्हणून इथे टायटॅनियमची खाण होत नाही. ही गोष्ट साधी आहे, पण आकडे नुसते पोर्टलवर ठेवले आणि त्यांच्यासोबत हे सांगितले नाही, तर ती कुणाला उमगणार नाही.

आणि आजचा काळ असा आहे की हे सांगणे तातडीचे झाले आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० खनिजे महत्त्वाची म्हणून जाहीर केली. टायटॅनियम, व्हॅनेडियम, कोबाल्ट, निकेल, तांबे ही सगळी त्या यादीत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेला मंजुरी मिळाली. देशासाठी ही मोहीम आवश्यक आहे. पण योगायोग असा, की या यादीतली कितीतरी नावे बेसाल्टच्या गाळात मुळातच जास्त भरतात. उद्या कुणी सरकारी आकड्यांचा कागद घेऊन गावात आला आणि ‘तुमच्या शिवारात अमुक धातू आहे, सरकारच्याच कागदावर आहे’ म्हणाला, तर त्याला उत्तर देण्यासाठी सरपंचाकडे काय असेल? जमिनीचे व्यवहार अशाच अर्धवट माहितीवर होतात. कोरडवाहू शेतकऱ्याला दोन-तीन वर्षांच्या नापिकीनंतर अशी आशा दाखवणे सोपे असते, आणि ती विकत घेणारा नेहमी शेवटचाच माणूस असतो. ‘या पाणलोटात तांबे, टायटॅनियम, व्हॅनेडियम बेसाल्टच्या नेहमीच्या पातळीवर आहेत, साठ्याची खूण नाही’ हे एक वाक्य आपल्या संस्थेच्या शिक्क्यानिशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर असेल, तर तो एक खरा आधार होईल. शोधून काही न सापडणे हाही शोधाचाच निकाल आहे, आणि तो जाहीर करणे हे सर्वेक्षणाच्या कामात बसते.

पण केवळ अफवांपासून बचाव, एवढ्यासाठी इतके मोठे पत्र लिहिले नसते. त्याच आकड्यांचा दुसरा उपयोग आहे, आणि माझ्या मते आमच्यासारख्या तालुक्यात तोच पहिला मानला पाहिजे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात जॉन वेब यांच्या गटाने खनिजशोधासाठी ही पद्धत विकसित केली आणि नंतर तिचेच नकाशे शेती आणि आरोग्यासाठी वापरले. १९७३ मध्ये उत्तर आयर्लंडचा आणि १९७८ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भू-रासायनिक नकाशासंग्रह त्यांनी प्रसिद्ध केला; दुसऱ्यासाठी सुमारे ५०,००० ओढ्यांचे नमुने घेतले होते. गाळात मॉलिब्डेनम जास्त असलेले पट्टे नकाशावर दिसले, आणि त्याच पट्ट्यांत गुरांना तांब्याची कमतरता होत असल्याचे पुढे आले. चाऱ्यातले जादा मॉलिब्डेनम जनावराच्या शरीराला तांबे लागू देत नाही. जनावर खंगलेले नसते, रोगी दिसत नाही, फक्त वाढ मंदावते, आणि त्यामुळे कारण वर्षानुवर्षे कळत नाही. धातूच्या शोधात काढलेल्या नकाशाने ते कळले. जाफ्राबादच्या गाळात तसा पट्टा आहे असे माझे म्हणणे मुळीच नाही. आहे की नाही हे आपल्या आकड्यांत आहे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला ते पाहायला मिळत नाहीत, एवढेच म्हणणे आहे.

शेतीच्या बाजूने हे अधिकच जवळचे आहे. बेसाल्टमध्ये लोखंड एवढे असते की खडकाच्या वजनात लोहाच्या ऑक्साइडचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जातो. आणि तरीही याच खडकाच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत मोसंबीची, भुईमुगाची पाने लोहाअभावी पिवळी पडतात. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. जस्ताचेही तेच आहे. मराठवाड्याच्या जमिनीत पिकांना जस्ताची कमतरता भासते, हे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने वारंवार सांगितले आहे. मूळ खडकात मात्र जस्त दशलक्ष भागांत शंभरच्या आसपास आहे. धातू जमिनीत आहे, पण खनिजांच्या जाळीत आणि चिकणमातीत अडकलेला आहे. सामू आठच्या पुढे गेला आणि चुनखडी वाढली की तो मुळांना मिळत नाही. मृदा आरोग्य पत्रिकेत येतो तो पिकाला मिळण्याजोगा भाग. गाळाच्या नकाशात येतो तो एकूण साठा. एक आकडा दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवले तर मोठा फरक कळतो: या शिवारात जस्त मुळातच कमी आहे, की आहे आणि अडकले आहे? उपाय त्यावर ठरतो. पहिल्या बाबतीत बाहेरून घालावेच लागेल. दुसऱ्या बाबतीत नुसते पोत्याने झिंक सल्फेट टाकत राहण्याऐवजी शेणखत, कंपोस्ट, फवारणी, जमिनीचा निचरा या बाजूंनी विचार करता येईल. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि बदनापूरच्या संशोधन केंद्राने हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवून पाहावेत, यासाठी त्यांना पहिला नकाशा हातात तर मिळायला हवा.

याहूनही थेट एक संबंध आहे. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून २०१७ पासून राज्यभर तलावांतला गाळ काढून शेतात टाकला जात आहे. मराठवाड्यात उन्हाळा आला की ट्रॅक्टर आणि टिप्पर याच कामाला लागतात. म्हणजे ज्या पाणलोटातल्या गाळाचा एक किलोभर नमुना आपले भूवैज्ञानिक जपून पिशवीत भरतात, त्याच पाणलोटातल्या गाळाच्या खेपा आमचे शेतकरी हलक्या, मुरमाड रानात पसरतात. वरचा खडक, वरची माती, वरचे खत-औषध हे सगळे त्या गाळात असते. बहुतेक ठिकाणी तो जमिनीला उपकारकच ठरतो. त्याने पाणी धरून ठेवण्याची ताकद वाढते, हे शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. पण कोणत्या पाणलोटातल्या गाळात काय आहे, हे एका सरकारी संस्थेच्या प्रयोगशाळेत मोजले जाते आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून तो गाळ न पाहता वाहून नेला जातो, ही फट बुजवायला नवा पैसा लागत नाही. एका कार्यालयाने दुसऱ्याला कागद पाठवायचा आहे.

तिसरा उपयोग काळाशी जोडलेला आहे. आज घेतलेला नमुना हा आजच्या पाणलोटाची नोंद आहे. पुढे वीस वर्षांनी कुठे उद्योग आला, महामार्ग झाला, रासायनिक निविष्ठा वाढल्या आणि गाळात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक वाढले की नाही हा प्रश्न उभा राहिला, तर तुलना कशाशी करणार? पांगुनाची गोष्ट वर अर्धीच सांगितली. तिथल्या खाणीचा टाकाऊ गाळ जाबा नदीत सोडला गेला, नदीचे खोरे त्याने भरून गेले, आणि लोकांच्या रोषातून उसळलेल्या संघर्षात १९८९ मध्ये खाण बंद पडली. ओढ्याच्या गाळाने ज्या साठ्याकडे नेले, त्याच साठ्याच्या गाळाने नदी बुजली. आमच्याकडे तसे काही घडणार नाही अशी आशा आहे, पण जाफ्राबादच्या नद्यांचे पाणी पुढे खडकपूर्णा आणि येलदरी धरणांत जाते, बुलढाणा, परभणी आणि हिंगोलीपर्यंत ते प्यायले जाते. मूळ पातळी कोणती होती याची नोंद खालच्या गावांसाठीही लागेल.

आता आपल्या बाजूने येतील अशा हरकतींबद्दल. पहिली अशी की, माहिती तर उघडीच आहे. भूकोश पोर्टल आहे आणि डिसेंबर २०२३ पासून नॅशनल जिओसायन्स डेटा रिपॉझिटरी सुरू झाली आहे. हे पाऊल फार मोठे आहे आणि त्याचे श्रेय आपल्याला मिळालेच पाहिजे. पण पोर्टलची रचना खाण कंपन्यांना आणि संशोधकांना सोयीची आहे. टोपोशीटचा क्रमांक, रासायनिक संज्ञा, इंग्रजी रकाने, नकाशाची सॉफ्टवेअर: एवढे ओलांडून ग्रामसेवक तिथे पोहोचत नाही. दाराला कुलूप नसणे आणि दार आपल्या गल्लीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: २ किलोमीटरच्या चौकटीचा मिश्र नमुना एका शेतकऱ्याच्या गटाबद्दल काही सांगू शकत नाही, आणि लोक तो तसा वाचतील. हे खरे आहे. चारशे हेक्टरच्या सरासरीवरून गट क्रमांकाचा निर्णय घेणे धोक्याचे ठरेल. म्हणूनच मागणी शेतनिहाय माहितीची नाही, पाणलोटनिहाय माहितीची आहे. आणि पाणलोट हा शब्द आमच्या जिल्ह्याला परका नाही. कडवंचीच्या पाणलोट विकासाचे काम पाहायला राज्यभरातून लोक येतात. माथा ते पायथा विचार कसा करायचा हे इथल्या शेतकऱ्यांना शिकवावे लागत नाही. उतारावर काय केले की खाली काय येते, हे ज्याने बांध-बंदिस्ती करून अनुभवले आहे, त्याला ओढ्याचा गाळ वरच्या सगळ्या शिवाराची साक्ष देतो हे पटवणे अवघड नाही. चुकीचे वाचन होईल या भीतीने माहिती रोखली, तर ज्यांचा हेतू चांगला नाही तेवढेच लोक ती वाचतील.

तिसरी हरकत तांत्रिक आहे आणि तिच्यात आमच्याही बाजूची जबाबदारी आहे. नालाखोलीकरण, सिमेंट बंधारे, वाळूचा उपसा, तलावातून गाळ काढणे यांमुळे आमच्या ओढ्यांचे तळ आता पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. बंधाऱ्यामागे साचलेला गाळ आणि वाहत्या पात्रातला गाळ एकच नसतो. जेसीबीने तळ उकरला असेल तिथे खालचा मुरूम वर आलेला असतो. अशा ठिकाणचा नमुना फसवू शकतो. पण याचाच अर्थ असा की नमुने घेणाऱ्या पथकाला गावाची गरज आहे. कोणता नाला कोणत्या वर्षी खोल केला, बंधारा कुठे आहे, कुठली माती बाहेरून आणून टाकली, ही माहिती ग्रामपंचायतीच्या आणि जलसंधारणाच्या नोंदीत असते. ती आपल्या नोंदवहीत आली तर आपले आकडे अधिक भरवशाचे होतील. देवाणघेवाण दोन्ही बाजूंची आहे.

शेती आणि पाणी हे सर्वेक्षणाचे काम नाही, असेही म्हटले जाईल. आपली संस्था १८५१ मध्ये कोळशाच्या शोधातून सुरू झाली, हे खरे. पण आज ती भूस्खलनाचा इशारा देते, भूकंपानंतर धावून जाते, भूजलाच्या गुणवत्तेशी संबंधित भूविज्ञानही अभ्यासते. गाळ सार्वजनिक पैशाने तपासला जातो, आणि पैसा देणाऱ्यांत खाण नसलेल्या तालुक्यांतले लोक बहुसंख्य आहेत. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर बेसाल्टने झाकलेला बहुतेक भाग त्यांचाच आहे. खाणीच्या शोधावरच या नकाशाची किंमत ठरवली, तर राज्याच्या फार मोठ्या भागासाठी हा कार्यक्रम निव्वळ औपचारिकता ठरतो. तसे होऊ नये, कारण एवढे चांगले काम तसे वाया जाण्याच्या लायकीचे नाही.

तेव्हा प्रत्यक्षात काय करावे, ते थोडक्यात. जाफ्राबाद आणि भोकरदन तालुक्यांना व्यापणाऱ्या टोपोशीटचे जे काम झाले असेल, त्यावरून पूर्णेच्या एकेका उपनदीसाठी दोन पानांचे मराठी टिपण तयार व्हावे. पहिल्या पानावर नकाशा आणि दहा-बारा निवडक मूलद्रव्ये: लोह, जस्त, तांबे, मँगनीज, मॉलिब्डेनम, सेलेनियम, फ्लोरिन, शिसे, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम. प्रत्येकापुढे इथला आकडा आणि दख्खनच्या बेसाल्टची नेहमीची पातळी. दुसऱ्या पानावर या आकड्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, साध्या वाक्यांत. खनिजसाठ्याची खूण नसेल तर तसे स्पष्ट लिहावे; एखादा आकडा खडकाच्या पातळीपेक्षा खरोखर वेगळा असेल तर तेही लिहावे आणि पुढची तपासणी कोण करणार ते नमूद करावे. काम झालेले नसेल, तर पथक येण्याआधी ग्रामपंचायतीला पत्र यावे, म्हणजे खोल केलेल्या नाल्यांची यादी तयार ठेवता येईल. टिपणाची एक प्रत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांकडे, एक भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जालना कार्यालयाकडे, एक परभणी विद्यापीठाच्या मृदशास्त्र विभागाकडे जावी. तलावांचा गाळ काढण्याची कामे मार्चनंतर वेग घेतात. त्याआधी ही पाने हातात आली तर येत्या हंगामातच त्यांचा उपयोग सुरू होईल.

कळावे,

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद, जि. जालना येथून
पूर्णेच्या खोऱ्यातील एक रहिवासी